वस्तीत शिकवायला जाण्याआधी

बाळा, वस्तीत शिकवायला जाणार आहेस ना? मग आधी बडोद्याच्या संकल्पभूमीवर जाऊन ये, जिथे बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात नोकरीला आले. कचेरीतले शिपाई फायली लांबूनच टाकत, राहायला घर मिळेना. महाराज एवढे पुढारलेले, तरीही! मला तिथे उभं राहिल्यावर शहराकडे नव्यानं बघावंसं वाटलं.

वस्तीत गेल्या गेल्या शिकवू नकोस. ओट्यावर बस, पुढे केलेलं पाणी पी. पेला घेताना आपला हात क्षणभर थबकतो का, ते मात्र प्रामाणिकपणे बघ. मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही गं. रात्री वहीत काय पाहिलं आणि काय वाटलं, दोन्ही वेगवेगळं लिही. फोटो सध्या काढूच नकोस.