मांजरसुंब्याला वळा आणि सरळ लेह: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात आमच्या लडाखवारीचे चार फोटो छापून आले, तेव्हापासून पत्रांचा ढीग साचलाय. आधी एक कबूल करतो. मी बीडचा, लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा माणूस. जूनमधल्या काही तारखा मुद्दाम रिकाम्या ठेवतो, त्यावरून घरात जे काही ऐकावं लागतं ते इथे छापण्यासारखं नाही. साडूभाऊंच्या बोलेरोतून दोनदा गेलो, 2019 आणि 2023च्या जूनमध्ये. पहिल्यांदा जे जे चुकलं त्यातलंच बरंचसं खाली उत्तर म्हणून सांगतोय.

आम्ही दोघं शिक्षक आहोत. 10 ते 26 मे एवढी सुट्टी मिळते. लातूरहून स्वतःच्या गाडीने आधी जैसलमेर, मग मनालीमार्गे लेह, आणि परत. रोज सहाशे किलोमीटर धरले तर सगळं बसतं. वेळापत्रक सोबत जोडलं आहे, तपासून द्यावं. (वाचक, लातूर)

सर, वेळापत्रक वाचलं. शाळेचं असतं तसंच आहे, तासाला तास जोडलेला. फोटोचा तास तेवढा कुठे दिसला नाही.

जैसलमेरवर आधी काट मारा. मे महिन्यात तिथे पारा अनेकदा पंचेचाळीसपर्यंत जातो. दहा वाजल्यापासून वाळूवरची हवा थरथरायला लागते आणि लांबचं काहीच धारदार येत नाही. गाडीत ठेवलेला कॅमेरा हातात धरवत नाही. ते डिसेंबर-जानेवारीचं काम. वाळवंटच हवं असेल तर लेहपलीकडे नुब्रा खोऱ्यात हुंदरला वाळूच्या टेकड्या आहेत, दोन वशिंडांचे उंट आहेत आणि मागे बर्फाचे डोंगर. खरं तर सगळं लडाखच वाळवंट. लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या आपल्या बीडला सहाशेच्या वर पडतो. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ते हिमालयाच्या. म्हणून मला तिथलं उघडंबोडकं माळरान परकं वाटलं नाही. पुण्याहून आलेली एक मंडळी मनाली-लेह रस्त्यावरच्या सर्चूला भेटली होती. 'हिरवं काहीच नाही हो' म्हणून त्यांचा जीव घाबरा झाला होता.

दुसरं, तारखा. मनाली-लेह रस्ता कोणत्या तारखेला उघडेल हे बर्फावर असतं. अटल बोगदा ऑक्टोबर 2020मध्ये सुरू झाला. तो नऊ किलोमीटरचा, त्यामुळे रोहतांगची खिंड टळते. पण पुढे बारालाचा ला आणि तांगलांग ला आहेतच ('ला' म्हणजे खिंड), आणि तांगलांग ला 5,328 मीटरवर आहे. तुमच्या सुट्टीत श्रीनगर, कारगिलकडून गेलेलं बरं. तिथे झोजीला आहे, पण तो 3,528 मीटरचा आणि बहुधा आधी उघडतो. निघण्याआधी दोन्ही रस्त्यांची चौकशी करा. बंद असेल तर शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीत जा, तो रस्ता बऱ्यापैकी वर्षभर चालतो. तेही थंड वाळवंटच, आणि ताबोचा मठ इसवी सन 996चा आहे.

रस्त्याचं म्हणाल तर अंबाजोगाई, केज करून मांजरसुंब्याला या. तिथे राष्ट्रीय महामार्ग 52 लागतो, तो सोडूच नका. बीड, संभाजीनगर, कन्नडचा घाट, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, थेट हिसारपर्यंत हाच नंबर. माझ्या घराजवळच्या बायपासवरून हाच रस्ता जातो. इतकी वर्षं मी त्याला धुळ्याचा रस्ता म्हणायचो. हिसारहून अंबाला, चंडीगडकडे वळायचं. कन्नडच्या घाटात गाड्यांची रांग लागली की तास-दोन तास जातात, तेव्हा तो पहाटेच उरका.

आता मुख्य गोष्ट. 2019ला आम्हीही रोज पाचशे-सहाशे किलोमीटर हाणले. घरी येऊन बघतो तर तीन हजारांवर फोटो, आणि त्यातले निम्म्याहून जास्त अकरा ते चारमधले. भर दुपारी डोंगराचा फोटो काढणं म्हणजे नवरीच्या बरोबर डोक्यावर हॅलोजन टांगून फोटो काढणं. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. डोंगराच्याही घड्या अशाच मरतात, सगळं सपाट आणि भुरकट. ऊन तिरपं असलं की प्रत्येक घडीला सावली पडते, तेव्हा कुठे डोंगराला अंग येतं.

म्हणून 2023ला लेहच्या पुढे दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जायचंच नाही असं ठरवलं. साडूभाऊ म्हणाले, 'एवढ्या लांब येऊन झोपा काढायलाव का?' हो, दुपारी झोपाच काढायच्या. जूनमध्ये तिकडे सव्वापाचला सूर्य वर येतो, म्हणजे साडेचारला उठून मुक्कामाच्या जवळच जागा धरायची. सातला चहा घेऊन गाडी काढायची, दुपारी पुढचा मुक्काम गाठून पडायचं आणि पाचला परत बाहेर. सकाळी लवकर निघण्याला आणखी एक कारण आहे. रस्त्यावरून जे नाले वाहतात ते वितळलेल्या बर्फाचे असतात. सकाळी घोट्याएवढं असणारं पाणी दुपारी तीनला दरवाजाला लागतं. आपल्याकडे ओढ्याला पूर येतो तो ढग भरून आल्यावर. तिथे येतो तो स्वच्छ ऊन पडलं म्हणून. हे डोक्यात बसायला मला एक पूर्ण दुपार नाल्याच्या अलीकडे काढावी लागली.

तेव्हा सर, सतरा दिवसांत जाऊन-येऊन सहा-सात दिवस सपाटीवर जाणार. उरलेल्या दहा दिवसांत दोनच ठिकाणं घ्या.

आमची आई 64 वर्षांची, वडील 68. त्यांना गाडीने लेहला न्यावं का? वडिलांना बीपीची गोळी चालू आहे. (एक वाचक भगिनी, जालना)

ताई, न्यावं की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही. मी आमचं सांगतो. 2019ला मनालीहून निघून आम्ही त्याच रात्री सर्चूला झोपलो. मनाली दोन हजार मीटरवर, सर्चू जवळपास 4,300. साडूभाऊ पंचेचाळीस वर्षांचे, शेतात दिवसभर राबणारे. रात्रभर ओकले. डोकं इतकं ठणकत होतं की टोपीसुद्धा सहन होईना. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधा नियम आहे. तो आम्हाला कुणी सांगितला नव्हता, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला श्रीनगर, कारगिलमार्गे गेलो. कारगिल सुमारे 2,700, लेह 3,500. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसते बसून राहिलो. काही त्रास झाला नाही.

आई-वडिलांना घेऊन तोच रस्ता धरा. डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणं, बसल्या जागी धाप, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलवाल्याला विचारून नको.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या. तिथे पाणी लवकर उकळतं, पण कमी तापमानाला, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. एक गंमत: चटणीची हवाबंद पिशवी घरून चपटी नेलेली, बारालाचावर ती उशीसारखी टम्म फुगली. बाहेरच्या हवेचा दाब तिथे सपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. साडूभाऊंनी ती दाताने फाडली. बोलेरोच्या छताला अजून तिखट चिकटलेलं आहे.

बर्फाचे फोटो मळकट राखाडी येतात. कॅमेरा नवीन आहे, सर्व्हिसिंगला द्यावा का? (वाचक, परभणी)

देऊ नका हो, कॅमेरा चांगला आहे. परभणीचे आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. जिनिंगमध्ये जा आणि कापसाच्या गंजीचा फोटो काढा, फ्रेममध्ये नुसता कापूस. तोही मळका येईल. कॅमेऱ्याला बर्फ, कापूस, धोतर यातलं काही कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी करड्या रंगाचंच असणार असं धरून तो उजेड मोजतो. सगळं पांढरं दिसलं की 'फार उजेड झाला' समजून कमी करतो. त्याला तुम्ही सांगायचं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) एक ते दीड स्टॉप वर. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. हुंदरच्या वाळूला पाऊण पुरतं. उलट काळ्या खडकाला थोडं खाली. मग मागे हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघा. त्याची टेकडी उजव्या भिंतीला टेकली पाहिजे, भिंतीवर चढली तर पांढऱ्यातलं सगळं गेलं. आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्येच काढा.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे फिरवायचा आकाश गडद करणारा फिल्टर, लावत असाल तर जपून. उंचावर आकाश आधीच गडद निळं असतं. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर तो पूर्ण फिरवला की आकाशात एका बाजूला शाई सांडल्यासारखा डाग येतो. माझ्या पहिल्या पँगाँग सरोवराच्या फोटोंत तोच डाग आहे.

किती लेन्स न्याव्यात? (वाचक, हिंगोली)

दोन. एक वाइड, एक लांबची 70-200 मिलिमीटरची. लोक डोंगर म्हटलं की वाइड लावतात आणि घरी येऊन बघतात तर आकाश, रस्ता आणि मधे पापडाएवढा डोंगर. लांबच्या लेन्सने डोंगरामागचे डोंगर जवळ ओढले जातात, आणि खाली एखादा ट्रक सापडला तर उंची कळते. माझा स्टुडिओत लावलेला मनाली-लेह रस्त्यावरच्या मूर मैदानाचा फोटो 200वरच काढलाय. त्यात डाव्या कोपऱ्यातला लाल टँकर झाकला तर नुसती पिवळी चादर उरते.

हुंदरला मात्र लेन्स बदलू नका. मी बदलली. वाऱ्याची एक झुळूक, बस्स. झूम फिरवताना कुरकुर कुरकुर, जात्यात खडा आल्यासारखी. परत आल्यावर ज्यांच्याकडे दुरुस्तीला दिली त्यांनी दोन महिने ठेवून घेतली, पैसे घेतले आणि कुरकुरीसकट परत दिली. आता वाळूत उतरायच्या आधी गाडीच्या काचा लावून लेन्स ठरवतो. टेकडीच्या कडेवरूनही चालत जाऊ नका, वाऱ्याने उमटवलेल्या रेघा तिथेच असतात. आपल्याच पावलांचे खड्डे फोटोत आले की दुसऱ्या कुणाला शिव्या देता येत नाहीत.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. (विद्यार्थी, नांदेड)

मग काय झालं? लेन्स शर्टाने नाही, स्वच्छ सुती कपड्याने पुसत जा. उजळ भागावर बोट दाबून धरून उजेड लॉक कर आणि थोडा कमी कर. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेव. मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बंडीच्या खिशात ठेवून झोपतो. बाहेरच्या प्रीपेड सिमला लडाखमध्ये रेंज येत नाही, पोस्टपेड लागतं. घरच्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर आई दोन दिवसांत पोलिसांत जाईल.

आकाशगंगेचा फोटो कुठे मिळेल? (वाचक, संभाजीनगर)

हानलेला. गाव सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे, वेधशाळा आहे आणि रात्रीचा अंधार जपायचे नियम आहेत. रात्री गाडीचे दिवे लावून फिरू नका. परमिट लेहमधून काढून ठेवा. निघायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात अमावस्या बघूनच ठरवा. मुहूर्त पाळायची सवय आम्हा लग्नवाल्यांना आहेच. 20 मिलिमीटरच्या लेन्सला पंचवीस सेकंद पुरे. त्याहून जास्त ठेवलं की चांदण्यांच्या रेघा होतात. पाचशेला लेन्सच्या आकड्याने भागायचं, एवढंच गणित. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा पिशवीत बंद करूनच आत आणा, नाहीतर काचेवर दव धरतं.

ड्रोन न्यावा का? (वाचक, बीड)

नको. सीमेचा भाग आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही. शिवाय तो उडवण्यात तुमचा सगळा चांगला उजेड जातो.

एवढा खर्च परवडत नाही. मे महिन्यात आपल्याकडे काढण्यासारखं काही असतं का? (वाचक, धाराशिव)

असतं की. भाऊ, मे अखेरीला पैठणच्या नाथसागराचं पाणी ओसरलं की मागे कोरडी चिखलट उरते. तिच्यात हाताएवढ्या भेगा पडतात. पहाटे जमिनीला कॅमेरा टेकवून काढा, तिरपं ऊन प्रत्येक भेगेच्या एकाच कडेला लागतं. वळवाचे ढग यायला लागले की तर विचारूच नका, दुपारी चारनंतर पश्चिमेला जे आभाळ उभं राहतं ते मला लडाखमध्ये एकदाही मिळालं नाही. तुमच्याकडे बालाघाटाच्या कडा आहेत, तुळजापूरच्या घाटातून संध्याकाळी खाली बघा.

स्टुडिओत मी मूर मैदानाच्या शेजारीच नाथसागराच्या भेगांचा फोटो लावलाय. परवा पैठणकडचे एक पाहुणे लग्नाची बुकिंग करायला आले होते. दोन्हीकडे बराच वेळ बघून भेगांच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, 'लडाखला लईच पाणी आटलं हो यंदा.' मी काही बोललो नाही. ॲडव्हान्स घ्यायचा होता.