त्या ग्रुपचा लीडर नेमका कोण होता?

प्रश्न : माझा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला चौघांच्या ग्रुपचा लीडर तोच होता, पण काम वेळेत झालं नाही आणि मार्क गेले. पोरगा मऊ आहे, कुणाला बोलत नाही. मी रोज रात्री नऊला फोन करून दिवसाचा हिशेब घेतो, काय करायचं ते सांगतो. ग्रुपमधला एक जण आजारी पडला तेव्हाही मीच सांगितलं, त्याचं काम तूच कर, सरांकडे रडत जाऊ नको. तरी हे झालं. लीडरशिप अंगात यावी म्हणून त्याला एमबीएसाठी कॅटला बसवू, पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट करायला लावू की सॉफ्टवेअरवाल्यांच्या अॅजाइल पद्धतीचा कोर्स लावू? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मार्कांचं मला फारसं काही वाटलं नाही. मी अडकले ती रात्री नऊच्या फोनवर.

काय झालं असेल ते बघा. एक मुलगा तापाने झोपलाय हे तुमच्या चिरंजिवांना दिवसा कळलं असणार. तिघांनी बसून, सरांना भेटून कामातला एखादा भाग कमी करून घेता आला असता. पण तो रात्री नऊची वाट बघत थांबला. मग निर्णय आला इचलकरंजीहून, ज्यांनी त्या कोडची एक ओळही पाहिलेली नाही त्यांच्याकडून. उरलेल्या दोघांना कुणी काही विचारलं का? पत्रात तरी त्यांचा उल्लेख नाही. राग मानू नका, पण त्या ग्रुपचे लीडर तुम्ही होता. मार्क तेवढे मुलाचे गेले.

आता तुमच्याच शेडमध्ये या. ताण्याचा धागा तुटला की कामगार माग थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. मागच बिघडला तर दुरुस्ती करणाऱ्या जॉबरला हाक मारतो. दर धाग्याला मालकाची परवानगी लागली असती तर दिवसाकाठी कापड किती निघालं असतं, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. मागावरच्या माणसावर टाकता तेवढा भरवसा पोटच्या पोरावर का टाकत नाही?

कडक माणसालाच कामं जमतात, असं तुम्हाला वाटत असेल. कोकण रेल्वे उभारणारे इंजिनिअर ई. श्रीधरन काही मऊ गृहस्थ नव्हते. पण ते काम त्यांनी एकट्याच्या मुठीत ठेवलं नाही. महाडपासून उडुपीपर्यंत सात विभाग पाडले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि 1998 मध्ये पूर्ण मार्गावर गाड्या धावल्या, तेही सह्याद्रीच्या कुशीतून. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात ओली माती ढासळायला लागली की ती आधी तिथे उभ्या असलेल्या इंजिनिअरला दिसणार, बेलापूरच्या मुख्य कचेरीला नंतर. (तो बोगदा तरीही रखडलाच. कारभार चांगला असला म्हणून माती ऐकते असं नाही.) शेडमध्ये शॉर्ट सर्किट झालं तर मात्र चर्चा नको, तिथे एकानेच ओरडायचं. पण प्रोजेक्ट म्हणजे रोजची आग नव्हे.

अॅजाइलबद्दलचा गैरसमज मात्र काढायलाच हवा. अॅजाइल म्हणजे झटपट काम, आणि कोर्स केला की माणसं हाकता येतात, असं पालकांना सर्रास वाटतं. 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या सतरा जणांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. त्याचा रोख असा, की थोडं करा, दाखवा, चुकलं असेल तर लगेच बदला आणि काम करणाऱ्यांवर विश्वास टाका. अॅजाइलमधल्या स्क्रम नावाच्या पद्धतीत स्क्रम मास्टर नावाचा माणूस असतो. नावात मास्टर असलं तरी तो कामं वाटत नाही, हुकूम सोडत नाही. टीमची अडलेली वाट मोकळी करतो. काम कसं करायचं ते टीम ठरवते. आता सांगा, हा दोन दिवसांचा कोर्स करून मुलगा आला आणि रात्री नऊला फोन वाजला, तर काय उपयोग?

पीएमपीला पदवीधरांनाही 36 महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव लागतो, तेव्हा तो विषय आत्ता सोडा. कॅट दरवर्षी असते. आधी दोनेक वर्षं नोकरी करू दे, मग एमबीए हवंसं वाटलं तर तोच सांगेल.

फोन जरूर करा, पण जेवलास का एवढंच विचारा. ‘काय करू?’ असं त्याने विचारलं तर ‘तुला काय वाटतं?’ म्हणा आणि उत्तर पटलं नाही तरी गप्प बसा. तुम्हाला हे जड जाईल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लीडर व्हायचं की नुसतं मेंबर, तेही त्यालाच ठरवू दे. मऊ मुलं पुष्कळदा उत्तम ऐकून घेतात, आणि चौघांच्या ग्रुपमध्ये असा एक जण लागतोच.

यापुढे करिअरचं काही विचारायचं असेल तर पत्र त्याला लिहू द्या. तुम्ही आधी वाचून, दुरुस्त करून पाठवू नका.