ऐरोलीला नवीन आहोत, चर्चमध्ये ओळखीचं कोणी नाही आणि मन खचलंय. घरी शास्त्राभ्यास कसा सुरू करावा?

प्रभूमध्ये सलाम. बदलीमुळे ऐरोलीला आलात, रविवारी उपासना संपली की कोणाशी न बोलता घरी परतता, आणि आता ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांना घेऊन घरीच बायबल वाचायची इच्छा आहे, असं तुम्ही लिहिलंय. जरूर करा. मत्तय 18:20 मध्ये प्रभूने दोघा-तिघांचाच आकडा सांगितलाय, तेव्हा माणसं कमी आहेत म्हणून थांबू नका.

पण आधी पाळकांना भेटा, कॅथलिक असाल तर फादरांना. मराठी उपासना किंवा मिस्सा किती वाजता असते आणि आपल्या भागात कॉटेज मीटिंग, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, कोणत्या वारी होते, एवढं विचारा. ऐरोली-रबाळे-घणसोलीत एखादी चालू असेल तर महिनाभर तिथे जाऊन बघा, कदाचित नवीन काही काढावंच लागणार नाही. काढलीत तरी ती रविवारच्या जागी येऊ देऊ नका. तसं झालं की प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) सुटतं, म्हातारी माणसं आणि मुलं भेटेनाशी होतात आणि आपला अर्थ चुकला तर सांगणारं कोणी उरत नाही.

वेळ शनिवारी संध्याकाळी 7:30 ते 9 ठेवा. रविवारी ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर मेगाब्लॉक असला की ठाण्याहून किंवा वाशीहून येणारे अडकतात. नऊला उठायचं म्हणजे उठायचंच. लांबलेल्या सभेला पहिली गळती लागते ती सकाळच्या शिफ्टवाल्यांची आणि लहान मुलं असलेल्या आयांची. खायला चहा-बिस्किटं पुरेत. एका घरी पोहे झाले की पुढच्या घरी पुलाव होतो आणि तिसरं घर बोलवायलाच कचरतं.

सुरुवातीला दोन गाणी. पेटी नसली तरी चालतं, ना. वा. टिळकांची भजनं टाळीवरही उभी राहतात. मग एक छोटी प्रार्थना आणि वाचन. उतारा 15-20 वचनांपेक्षा मोठा नको आणि तो दोनदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात. सगळ्यांकडे एकच भाषांतर असेल तर बरं, नाहीतर अर्धा वेळ ‘माझ्यात वेगळं लिहिलंय’ यातच जातो. जुन्या कॅथलिक प्रतीत बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकने कमी असतो, तेही आधी बघून ठेवा.

तुमच्या मनाची अवस्था पाहता पहिल्या शनिवारी स्तोत्र 42 आणि 43 घ्या. दोन्ही मिळून 16 वचनं. अनेक हिब्रू हस्तलिखितांत ती एकच स्तोत्र म्हणून लिहिली आहेत. का, ते वाचताना कळतं: ‘माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे पालुपद 42:5, 42:11 आणि 43:5 असं तीनदा येतं. माणूस देवाच्या मंदिरापासून दूर पडलाय, आसवं हेच त्याचं अन्न झालंय आणि लोक विचारताहेत, ‘तुझा देव कुठे आहे?’ आता प्रत्येक पालुपदाच्या आधी काय आहे ते शोधायला सांगा. पहिल्याच्या आधी आठवण आहे: समुदायाबरोबर मी मंदिरात जात असे. दुसऱ्याच्या आधी लाटा अंगावरून जाताहेत आणि शत्रूचा तोच प्रश्न पुन्हा येतो. तिसऱ्याच्या आधी मात्र तो देवाकडे प्रकाश आणि सत्य मागतो आणि म्हणतो, मी वेदीपाशी जाईन. ‘जात असे’चं ‘जाईन’ झालं. परिस्थिती तिथल्या तिथेच आहे, पालुपदही तेच आहे. फक्त आठवण पुढच्या वाटेकडे वळली. माझ्या मते आशा म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला उतारा नाही. आणि बघा, या माणसाला देवाबरोबर तो समुदायही हवाय.

पुढच्या शनिवारपासून मार्ककृत शुभवर्तमान धरा. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं. एका बैठकीत अख्खा अध्याय उरकू नका. चौदाव्यात 72 वचनं आहेत, त्याला चार-पाच शनिवार सहज लागतील. दरवेळी विचारा: कोण कोणाशी बोलतंय? कोणता शब्द परत येतो? काय खटकलं? ‘मला यातून काय मिळालं’ हा प्रश्न शेवटी. तो आधी आला की उतारा बाजूला राहतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं प्रवचन सुरू होतं. तसं झालंच तर चालवणाऱ्याने एवढंच म्हणावं, ‘दादा, हे कोणत्या वचनात दिसतं?’ आणि आतापर्यंत न बोललेल्या वहिनींकडे वळावं.

शेवटची वीस मिनिटं मध्यस्थीच्या, म्हणजे एकमेकांसाठीच्या, प्रार्थनेला ठेवा. एक साधी वही करा: तारीख, नाव, विनंती आणि एक रिकामा रकाना. पुढच्या शनिवारी आधी तो रकाना भरायचा. ऑपरेशन झालं का? मुलाखतीचं काय झालं? लोक एकमेकांचे होतात ते बरेचदा या विचारपूस करण्यातून. वहीतलं बाहेर बोलायचं नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावानिशी टाकायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एकदा जरी कोणाच्या घरचं दुखणं चर्चच्या आवारात पोचलं, तर त्यानंतर सगळे फक्त ‘प्रवासासाठी प्रार्थना करा’ एवढंच सांगतात. पैसे गोळा करू नका; कोणाला दान द्यायचं असेल तर ते चर्चच्या पेटीत.

तुम्ही ‘झोप येत नाही’ असंही लिहिलंय. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नको वाटू लागलं तर 14416 या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करा, तो दिवसरात्र चालू असतो. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. लूककृत शुभवर्तमान ज्याच्या नावाने आहे त्या लूकला पौल कलस्सैकरांच्या पत्रात ‘प्रिय वैद्य’ म्हणतो.

या रविवारी उपासनेनंतर लगेच निघू नका. दारापाशी दहा मिनिटं थांबा आणि एकाच कुटुंबाला शनिवारचं आमंत्रण द्या, वेळ आणि पत्ता कागदावर लिहून.