कुणबिणींवर (पेशवाईतल्या गुलाम बायकांवर) पहिला निबंध वाचणार असाल तर

‘पेशवाईतील कुणबिणी’ हा विषय फार मोघम झाला; एखादं दशक आणि एकच दफ्तर धरा. पुणे पुराभिलेखागारात टिपण घेतानाच रुमालाचा (कागद बांधलेल्या गाठोड्याचा) क्रमांक लिहा, नंतर शोधत बसावं लागतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दही तोडलेले नसतात. बायकांची नावं हमखास चुकतात, म्हणून दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या. इसवी सन काढायला शुहूर सनात (त्या कागदांतल्या कालगणनेत) ५९९ मिळवा. जानेवारीपासून मृग लागेपर्यंतच्या नोंदींना मात्र ६००.

खरी गोम पुढेच. नोंदीत वय, किंमत, धनी सापडतो. कुणबिणीचं स्वतःचं म्हणणं नाही, कारण लिहिणारा सरकारी कारकून. नुसत्या ‘पळाली’ या शब्दावरून बंड सिद्ध करायला जाल तर प्रश्नोत्तरांत सोलून काढतील (आणि काढावंच). २० मिनिटांना २,००० शब्द पुष्कळ झाले.