मानवी रिसेप्टर प्रथिनांचं काम शिकायचंय, तर एम.एस्सी. कुठे करावी?

नमस्कार,

डिचोलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मानवी रिसेप्टर प्रथिनं बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायचंय. हे काम नेमकं काय, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मामांचं म्हणणं, बी.एड. करावं, नाहीतर वेर्ण्याला औषध कंपनीत लागावं. शिवाय एक खासगी संस्था तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्ससाठी बरीच फी मागतेय, ती भरावी का, असंही तुम्ही विचारलंय.

आधी कामाबद्दल. आपल्या पेशींवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. इन्सुलिनसारख्या संप्रेरकाचा निरोप तीच घेतात आणि पेशीच्या आत पोचवतात. स्तनांच्या काही कर्करोगांत हर-टू हा रिसेप्टर प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. कोरोनाचा विषाणू आपल्या पेशीत शिरतो तो एसीई-टू या रिसेप्टरला धरून. नवं औषध अशा रिसेप्टरला चिकटतं का, हे पाहायचं तर संशोधकाच्या हाताशी शुद्ध रिसेप्टर हवा. शरीरातून तो पुरेसा मिळत नाही, म्हणून त्याचं जनुक दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून तो बनवून घेतात. याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात.

ई. कोलाय जिवाणू हे काम स्वस्तात आणि झटपट करतो. पण बऱ्याच मानवी रिसेप्टरांवर साखरेच्या साखळ्या असतात, त्या त्याला नीट जोडता येत नाहीत. पुष्कळदा प्रथिनाची घडीही बसत नाही आणि ते पेशीत गुठळी होऊन पडतं. मग मानवी एचईके-२९३ किंवा हॅमस्टरच्या सीएचओ पेशी वाढवाव्या लागतात. त्यातही बहुधा रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भागच बनवतात, कारण पेशीच्या पटलात रुतलेला तुकडा पाण्यात विरघळत नाही. टोकाला हिस्टिडिनचा टॅग, म्हणजे निकेलला चिकटणारी छोटी शेपटी लावतात, निकेल भरलेल्या नळीतून (कॉलम) प्रथिन शुद्ध करतात आणि जेलवर, म्हणजे आकाराप्रमाणे प्रथिनं वेगळी करणाऱ्या पातळ थरावर, चालवून पाहतात.

जेलवर एकच स्वच्छ बँड आला की विद्यार्थी खूश होतात. पण ही जेलची चाचणी (एसडीएस-पेज) करताना प्रथिनाची घडी मोडूनच टाकलेली असते, त्यामुळे ते जिवंत पेशीवर असतं तसं वागेल का, हे त्या बँडवरून समजत नाही. त्यासाठी एलायझा ही रंगावरून ओळखायची चाचणी करून किंवा रेणूंचं चिकटणं प्रकाशानं मोजणाऱ्या सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्सच्या यंत्रावर ते आपल्या जोडीदार रेणूला धरतं का, हे तपासावं लागतं. जिवाणूंच्या आवरणातला एंडोटॉक्सिन हा विषारी अंश त्यात राहिला तर पेशींवरचा पुढचा सगळा प्रयोग भलतीच उत्तरं देतो. काही मायक्रोग्रॅमच्या कुपीला हजारो रुपये पडतात ते मुख्यतः या खात्रीसाठी. ती कुपी फक्त संशोधनासाठी असते, रुग्णाला देत नाहीत. पण याच तंत्राने औषधंही झाली आहेत. १९९८ साली अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळालेलं एटानर्सेप्ट म्हणजे टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग, अँटिबॉडीच्या तुकड्याला जोडलेला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ज्या विभागात जनुकापासून एलायझापर्यंत एक तरी प्रथिन तिला स्वतःच्या हातानं न्यायला मिळेल, तिथे एम.एस्सी. करावी. कॉलेजचं नाव आणि शहर त्यानंतर. प्रवेश घेण्याआधी तिनं तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना थेट विचारावं: प्रबंधाचं काम किती महिने चालतं, सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवायची सोय आहे का, कॉलम विद्यार्थी स्वतः चालवतात की सर करून दाखवतात? ताळगाव पठारावरचं आपलं गोवा विद्यापीठ घराजवळचं म्हणून यादीतून काढू नका, तिथेही हेच प्रश्न विचारा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर देशभर चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा आहे, आयआयटीसाठी जॅम. दोन्ही द्याव्यात. उन्हाळ्यात दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) किंवा झुआरीनगरचं बिट्स इथल्या प्राध्यापकांना इंटर्नशिपसाठी पत्र लिहावं. त्यांचं संशोधन वाचून, प्रत्येकाला वेगळं पत्र.

सर्टिफिकेट कोर्सला माझा स्पष्ट नकार आहे. अशा कोर्सात बहुधा तयार प्लास्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा) आणि हमखास जमणारा प्रयोग देतात. प्रथिन का बिघडलं आणि आता काय बदलायचं, हे शोधायची वेळच मुलांवर येत नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. ती फी वसतिगृहासाठी राखून ठेवा.

वेर्णा आणि कुंडईच्या औषध कारखान्यांत मुख्यतः गोळ्या-कॅप्सूलचं काम चालतं. नोकरी चांगली आहे, प्रत्येक गोष्टीची चोख नोंद ठेवायची शिस्त तिथे लागते, पण पेशी वाढवायला बहुधा मिळणार नाहीत. गोव्यात रोगनिदानाची किट बनवणाऱ्या कंपन्याही आहेत. रिकॉम्बिनंट प्रथिनं तिथे रोज वापरात असतात, तेव्हा तिकडे जरूर चौकशी करावी. मात्र रिसेप्टरांचंच काम हवं असेल तर बेंगळुरू, हैदराबाद किंवा पुण्याला जावं लागण्याची शक्यता जास्त. घरात हे आत्ताच बोलून घ्या, म्हणजे दोन वर्षांनी तिच्यावर अचानक दडपण येणार नाही. बी.एड. तिला शिकवायची आवड असेल तरच. एम.एस्सी.नंतरही ते करता येतं, त्यामुळे मामांना आज नाही म्हटलं तरी ती वाट बंद होत नाही.