40 वरून 43 फुटांवर जाताना

अगं, सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकायचं अंतर तीन फूट वाढलं म्हणून पोटात गोळा आला ना? अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये 2010-11 पासून 43 फूटच आहे. आधी टेप घे. होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीच्या) मागच्या टोकापासून पिचिंग रबरच्या (तू उभी राहतेस त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपर्यंत मोज. आमच्या लेकीनं प्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजलं आणि महिनाभर जवळजवळ दीड फूट जास्त लांबून टाकत बसली!

सुरुवातीला चेंडू प्लेटसमोर मातीत पडेल. तरी खांद्यानं जोर काढू नकोस; पायानं रेट, मनगटाचा झटका तोच ठेव. ड्रॉप बॉल, म्हणजे शेवटी खाली वळणारा चेंडू, किंचित उशिरा सोड. बॅटरला चेंडू बघायला क्षणभर जास्त मिळतो, तेव्हा नुसत्या वेगावर भागायचं नाही. चेंजअप, म्हणजे बॅटरला फसवणारा संथ चेंडू, घोटून घे. आणि फेस मास्क लाव, बाई.