पीएचपी शिकून मुलीचे भवितव्य घडेल का? एका पालकांच्या पत्रास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण तासगावहून लिहिलेले पत्र मिळाले. आपली कन्या सांगलीत बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत वेबसाइट तयार करते आणि रात्री जागून अनोळखी लोकांच्या प्रकल्पांसाठी विनामूल्य काम करते. ‘पीएचपी आता संपली’ असे नात्यातील एका अभियंत्याने सांगितल्यामुळे, कर्ज काढून तिला पुण्यातील महागड्या क्लासला घालावे का, असे आपण विचारले आहे.

पीएचपी संपली हे मत वस्तुस्थितीला धरून नाही. तिचे निर्माते रासमस लर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली आणि आजही तिची नवी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी येते. वेबसाइट तयार करण्याची वर्डप्रेस ही प्रणाली पीएचपीतच लिहिलेली आहे, आणि मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तीही. मात्र भाषा जुनी असल्यामुळे या क्षेत्रात नवे काही उभारण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, चालू वेबसाइट सांभाळण्याचे आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड नव्या आवृत्तीवर नेण्याचे काम वाट्याला येते. ज्याला दुसऱ्याचा कोड शांतपणे वाचता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

म्हणूनच आपण ज्याला फुकटचे काम म्हणता, त्याकडे मी फार वेगळ्या दृष्टीने पाहतो. मुक्त स्रोत प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा प्रकल्पात, कोणीही बदल सुचवू शकतो, पण तो सहजासहजी स्वीकारला जात नाही: बदल का हवा हे लिहून द्यावे लागते, चाचण्या जोडाव्या लागतात, प्रकल्प सांभाळणारी अनुभवी माणसे ओळ न् ओळ तपासून तो परत पाठवतात, आणि दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. खुद्द पीएचपी भाषेतील मोठे बदलही लेखी प्रस्ताव, खुली चर्चा आणि दोन तृतीयांश मते यांशिवाय होत नाहीत. लारावेल या पीएचपीतील तयार सांगाड्यावर आधारित एका पॅकेजमध्ये (इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडमध्ये) कन्येच्या दोन दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या, हे आपण पत्रात एका ओळीत उल्लेखिले आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. त्या दुरुस्त्यांचे दुवे तिने अर्जात सर्वांत वर द्यावेत, कारण मुलाखत घेणाऱ्याला तिचे काम आणि टीकेला तिने दिलेली उत्तरे तेथे प्रत्यक्ष वाचता येतात.

क्लाससाठी कर्ज काढू नये. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. त्याऐवजी तिने मायएसक्यूएल (माहिती साठवण्याची प्रणाली), गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन), लिनक्स (सर्व्हरवरील संचालन प्रणाली) आणि जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) पक्के करावे, साध्या इंग्रजीत नेमके लिहिण्याचा सराव ठेवावा आणि सांगली किंवा कोल्हापुरातील एखाद्या लहान कंपनीत सहा महिने इंटर्नशिप करावी. ग्राहकाची वेबसाइट ऐन गर्दीच्या दिवशी बंद पडते तेव्हा काय करायचे असते, हे तेथेच कळते.

आपली एक काळजी मात्र अगदी रास्त आहे. परीक्षेच्या काळात जागरण थांबलेच पाहिजे, आणि पदवी पूर्ण झालीच पाहिजे, कारण अनेक कंपन्यांत पदवीशिवाय अर्जाचा विचारही होत नाही. शिवाय विनामूल्य कामावर घर चालत नाही. पदवीनंतर पगाराची नोकरी आधी आणि प्रकल्पांचे काम आठवड्यातील ठरलेल्या वेळी, असा क्रम तिच्याशी बोलून ठरवावा.

कोल्हापुरात यापूर्वी वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांचे संमेलन, भरले आहे. पुन्हा भरेल तेव्हा तिला पाठवावे आणि शक्य असल्यास आपणही सोबत जावे; या व्यवसायात पोट भरणाऱ्या माणसांना आपले सर्व प्रश्न तेथे समोरासमोर विचारता येतील.